कोकणातलं परडं: पहिल्या वर्षाची भाजी

मुंबई-पुण्यातली नोकरी संपवून गावच्या घरी परतलेली माणसं बहुतेक वेळा बियांची पाकिटं सोबत घेऊनच येतात. फ्लॉवर, गाजर, सिमला मिरची. पाकिटावरची चित्रं झकास असतात. ती पाकिटं तूर्तास कपाटात राहू द्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने आकाश जवळजवळ कोरडं. ऑगस्टात काठोकाठ असलेली विहीर एप्रिलात तळ दाखवते. परड्यात, म्हणजे घरालगतच्या भाजीच्या जागेत, काय लावायचं, कधी लावायचं आणि वाफा कसा बांधायचा, हे सगळं यावरूनच ठरतं. पावसात पाणी मुळांपासून बाहेर काढायचं, दिवाळीनंतर तेच पाणी मुळांशी धरून ठेवायचं. म्हणून त्याच जागेत पावसाळ्यात उंच वाफे आणि हिवाळ्यात खोल वाफे करावे लागतात.

खाली दिलेलं गणित साधारण 10 बाय 15 फुटांच्या जागेचं आहे. दोन-तीन माणसांच्या घराला आठवड्यातून तीन-चार वेळा भाजी आणि रोजची मिरची-कोथिंबीर एवढं त्यातून निघावं. वर्षभराची सगळी भाजी निघेल असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

जागा बघताना

भाजीला दिवसाचं किमान सहा तास ऊन लागतं. जागा मे महिन्यात बघितली असेल तर डिसेंबरात पुन्हा बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकतो आणि घराच्या उत्तरेला असलेलं परडं दुपारपर्यंत सावलीत जातं. अशी जागा असेल तर वांगी-मिरचीचा नाद सोडा. तिथे अळू, हळद, आलं छान होतं. माडाखालची विरळ सावलीही या तिघांना चालते. आंबा-फणसाखाली मात्र काही लावू नका. सावली दाट आणि वाफ्यातलं खत झाडाची मुळंच ओढून घेतात.

दुसरी गोष्ट म्हणजे नळ किंवा विहीर. पाणी जिथून आणायचं ते ठिकाण वाफ्यापासून वीस-तीस पावलांच्या आत हवं. मार्चमध्ये बादल्या वाहताना हे फार जाणवतं.

तिसरी गोष्ट कुंपण. शेजारच्या कोंबड्या आणि मोकाट गुरं यांच्यासाठी गडगा, म्हणजे दगडी बांध, किंवा दाट वई, म्हणजे काटेरी-झाडोऱ्याचं कुंपण, पुरतं. माकडांसाठी काहीच पुरत नाही. त्यावर पुढे बोलू.

सुरुवात दसऱ्याला

नवीन माणसाने जूनमध्ये श्रीगणेशा करू नये. जुलैच्या पावसात जाणत्याची भाजीसुद्धा कुजते. दसऱ्याच्या आसपास पाऊस ओसरतो, जमिनीत ओल असते, विहीर भरलेली असते आणि रात्री गार व्हायला लागतात. पहिली कुदळ तेव्हा मारा.

कोकणातली लाल, जांभ्याची माती पाणी भराभर सोडते आणि आम्लधर्मी असते. तिच्यात सेंद्रिय माल घातल्याशिवाय भाजी होत नाही, इतकं सरळ आहे ते. 15 फुटांच्या बाजूला तीन फूट रुंदीचे तीन वाफे आखा, मध्ये दीड-दीड फुटाच्या वाटा. उरलेली तीन फुटांची पट्टी कडेच्या वेलांसाठी आणि केळीसाठी ठेवा. वाफा तीन फुटांपेक्षा रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, आत पाय पडता कामा नये. पायाने चेपलेली माती पुन्हा भुसभुशीत करायला वर्ष जातं.

आता एकेक वाफा असा करा. वरची चार-पाच इंच माती काढून बाजूला ठेवा. खाली अजून आठ-नऊ इंच खणा. तळाशी नारळाची सोडणं (बाहेरची काथ्याची सालं) उताणी, म्हणजे वाटीसारखी पोकळ बाजू वर करून, एकाला एक लावून मांडा. सोडण पाणी शोषून धरतं आणि मुळांना हळूहळू देतं. बागायतदार माडाच्या बुंध्याभोवती सोडणं पुरतात ते याचसाठी. त्यावर वाळका पालापाचोळा, त्यावर खणलेली माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरा, शेवटी बाजूला ठेवलेली वरची माती. 3 बाय 10 फुटांच्या वाफ्याला शेणखताची चार-पाच घमेली लागतात. भरून झालेला वाफा आजूबाजूच्या वाटेपेक्षा दोन-तीन इंच खाली राहिला पाहिजे, म्हणजे घातलेलं पाणी बाहेर वाहून जात नाही.

शेणखत विकत घेताना हात घालून बघा. चांगलं कुजलेलं खत काळपट, सुटं आणि गार असतं, मातीचा वास येतो. गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. कच्च्या खताबरोबर हुमणी येते, आणि ती पांढरी, वाकडी अळी जमिनीखालून मुळं खाऊन रोपं आडवी करते.

चुलीची राख असेल तर फेकू नका. आम्लधर्मी मातीला ती मानवते आणि पालाशही देते. एका वाफ्याला वर्षातून दोनदा दोन-तीन ओंजळी पुरे. फक्त ताज्या शेणात राख मिसळू नये, त्यातला नत्र उडून जातो.

पहिली भाजी लाल माठाची

पहिल्या वाफ्यात लाल माठच टाका. आमच्याकडे तिला तांबडी भाजी म्हणतात. पेरल्यापासून महिन्याभरात ती ताटात येते, आणि नवशिक्याला एवढ्या लवकर काहीतरी हाती लागणं महत्त्वाचं असतं.

बी खसखशीसारखं बारीक. नुसत्या हाताने टाकलं तर एका जागी ढीग आणि दुसरीकडे रान मोकळं. म्हणून दोन चमचे बी आणि तांब्याभर कोरडी रेती एकत्र कालवा. वाफा आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवा. सकाळी बोटांनी उथळ रेघा ओढा, रेतीत मिसळलेलं बी त्यात सोडा, वरून चाळलेली माती जेमतेम झाकेल एवढी भुरभुरा. मग वाफ्याच्या चारी बाजूंनी राखेची रेघ. मुंग्या हे बी एका रात्रीत वाहून नेतात. उगवलं नाही म्हणून बियाणंवाल्याला शिव्या देणाऱ्यांपैकी निम्म्यांचं बी मुंग्यांच्या वारुळात असतं. वरून माडाची वाळकी झावळ अंथरा आणि तिच्यावरूनच झारीने पाणी घाला. चौथ्या-पाचव्या दिवशी झावळ उचलून बघा. तांबूस ठिपके दिसले की झावळ लगेच काढा. एक दिवस जास्त राहिली तरी रोपं लांबट, पांढरी होतात.

पंधरा दिवसांनी दाट जागची रोपं उपटा. तीही भाजीच आहे, कोवळी, परतायला दोन मिनिटं लागतात. उरलेल्या रोपांत चार बोटांचं अंतर राहिलं की ती जोमाने वाढतात. पंचवीस-तीस दिवसांनी मुळासकट उपटा किंवा दोन इंच ठेवून कापा. कापली तर पुन्हा फुटतात, पण दुसरी फूट जरा जाड होते. मला उपटून नवं टाकणं बरं वाटतं. एका वाफ्याचे तीन भाग करून दर दहा दिवसांनी एकेक भाग पेरला तर मार्चपर्यंत खंड पडत नाही.

याच हंगामात मुळा, पालक, चवळी, वाल सहज होतात. मेथीला फक्त तीन-चार आठवडे लागतात. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन फाकी करून पेरा. अख्खे टाकले तर उगवायला उशीर लागतो. फेब्रुवारी संपला की कोथिंबीर वाढण्याआधीच फुलावर येते, तेव्हा तिचा नाद सोडायचा. फ्लॉवरला कोकणातला हिवाळा पुरेसा गार नाही. कोबी जमेल, नवलकोल नक्की जमेल.

वांगी, मिरची, टोमॅटो आणि मर

दुसरा वाफा फळभाज्यांचा. रोपं घरी करायची तर सप्टेंबरच्या शेवटी छपराच्या कडेला, पाऊस लागणार नाही अशा जागी, एखाद्या फुटक्या टबात बी टाका. चार-पाच आठवड्यांत रोप वीतभर होतं. मग संध्याकाळी लावा, सकाळी नको. वांग्याला दोन फूट अंतर, मिरचीला दीड फूट. घरापुरती चार वांगी, सहा मिरच्या आणि चार टोमॅटो पुष्कळ झाले.

इथे कोकणातली एक खास डोकेदुखी आहे. छान फुलावर आलेलं वांग्याचं झाड दुपारी माना टाकतं, संध्याकाळी सावरतं, आणि दोन-तीन दिवसांत हिरवंगार असतानाच कोलमडतं. लोक पाणी वाढवतात. त्याने काही होत नाही, कारण जमिनीतल्या जिवाणूने खोडातली पाण्याची वाट बंद केलेली असते. खात्री करायची तर खोडाचा बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात त्याचं एक टोक बुडेल असा धरा. काही मिनिटांत कापातून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरायला लागला तर ही जिवाणूजन्य मर आहे. औषध नाही. झाड मुळासकट उपटून जाळा. त्या जागी पुढची दोन-तीन वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा यांपैकी काहीही लावू नका. पालेभाज्या, चवळी, मका चालेल. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा टोमॅटो या मरीला दाद देत नाही. जिथे हा त्रास आहे तिथे त्याचंच बी आणावं.

टोमॅटोबद्दल अजून एक. रात्रीचं तापमान 24 अंशांच्या वर राहायला लागलं की फुलं गळतात आणि फळ धरत नाही. म्हणजे मार्चनंतर झाड हिरवंगार दिसेल पण टोमॅटो नाही. खत घालून उपयोग नाही, झाड काढा आणि तिथे भेंडी लावा.

वांग्याचा शेंडा सुकून लोंबताना दिसला की तो आत अळी असेपर्यंतच, दोन इंच खालून खुडून साबणाच्या पाण्यात टाका. रोज सकाळी एक फेरी मारून एवढं केलं तर चार झाडांना फवारणीची गरज लागत नाही.

पाण्याचा हिशोब

हिवाळ्यात एका वाफ्याला एक दिवसाआड एक बादली, मार्चपासून रोज एक. पंधरा लिटरची बादली धरली आहे. तीन वाफ्यांना उन्हाळ्यात रोज तीन बादल्या. विहिरीचं पाणी मे अखेरीपर्यंत एवढं पुरणार नसेल तर फेब्रुवारीतच एक वाफा बंद करा. अर्धवट पाण्यावर तीन वाफे जगवण्यापेक्षा दोन नीट भिजवलेले बरे.

पाणी सकाळी, बुंध्याशी. रोपं हातभर झाली की वाफ्यावर आंब्या-काजूचा वाळका पाला तीन बोटं जाड पसरा, खोडाला चिकटू न देता. त्याने ओल टिकते, तण कमी येतं, आणि पावसाळ्यापर्यंत तोच पाला कुजून खत होतो. हे एवढं साधं काम सगळे टाळतात, कारण पाला गोळा केला की आधी काडेपेटी आठवते. जाळू नका.

मोरीचं पाणी केळीला आणि अळवाला सोडा. चर काढून पाणी त्यांच्या आळ्यात नेलं की दोघांचीही वर्षभराची सोय झाली. कच्च्या खायच्या किंवा पालेभाजीच्या वाफ्यात ते घेऊ नका.

मार्च ते मे या काळात भेंडी, गवार, चवळी ही उन्हाची पिकं. भेंडीचं बी रात्रभर भिजवून लावा, दीड महिन्यात भेंड्या सुरू होतात, आणि मग एक दिवसाआड तोडाव्याच लागतात. दोन दिवस गावाला गेलात तर लाकडं तयार. पानांच्या शिरा पिवळ्या जाळीसारख्या दिसायला लागल्या तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू असतो. ते झाड लगेच उपटायचं. ‘परभणी क्रांती’ आणि ‘अर्का अनामिका’ या जाती याच रोगाला तोंड देण्यासाठी काढलेल्या आहेत. दुपारचं ऊन फार भाजत असेल तर मांडवावर चार झावळ्या टाका.

मे अखेर: वाफे उलटे करा

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळं पालटतं. खोल वाफ्यांत जूनचं पाणी साचून मुळं सडतील, म्हणून वाटांमधली माती ओढून वाफ्यांवर चढवा. वाफा वाटेपेक्षा एक फूट उंच झाला पाहिजे. कडा जांभ्याच्या तुकड्यांनी किंवा सोडणांनी बांधा, नाहीतर पहिल्या मोठ्या सरीत निम्मा वाफा शेजाऱ्याच्या परड्यात जातो. वाटा आता चर झाल्या. त्यांचं तोंड उताराकडे मोकळं ठेवा.

एका वाफ्यात हळद आणि आलं लावा. डोळे असलेले तुकडे, दोन इंच खोल, वरून जाड पाला. जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळली की काढायचे. मधल्या काळात हळदीची पानं गणपतीत पातोळ्यांना लागतातच.

दुसऱ्यात भेंडी आणि कडेने अळू. पालेभाजीचा हट्ट जुलै-ऑगस्टात करू नका. पानांवर ठिपके पडून ती सडते. तशीही त्या दिवसांत गडग्याच्या कडेने टाकळा आणि कुर्डू न लावता उगवतात.

तिसऱ्यावर आणि कडेच्या पट्टीवर मांडव. माणगा किंवा चिवा या बांबूंच्या काठ्या, उंची सहा-साडेसहा फूट, म्हणजे खाली उभं राहून तोडणी करता येते. मांडव बी लावायच्या आधी उभा करा. वेल वाढल्यावर खांब पुरायला गेलं की मुळं तुटतात. दीड फूट खोल-रुंद खड्डा करून माती-शेणखताने भरा आणि त्यावर वीतभर उंच ढिगारी करा. ढिगारीत तीन बिया, मेच्या शेवटी, पाणी घालून. मृगाचा जोर सुरू होईपर्यंत वेलाला चार पानं आलेली हवीत. मग एकच सशक्त वेल ठेवा. पडवळ, दोडकी, कारलं, काकडी यांतले तीन प्रकार पुरे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने इथल्या पावसासाठी ‘कोकण तारा’ हे कारलं आणि ‘कोकण श्वेता’ हे पडवळ काढलं आहे. नवख्याने तेच लावावं. पडवळ वीतभर झालं की टोकाला दोरीने छोटासा दगड बांधा, सरळ लांब होतं.

फुलं येतात पण फळ धरत नाही, ही तक्रार दर पावसाळ्यात असते. आधी येतात ती नरफुलं, त्यांना फळ येणारच नाही. मादीफुलाच्या मागे बारीकसं फळ दिसतं. संततधारेत मधमाश्या फिरत नाहीत, तेव्हा नरफूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा परागकोश मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. वेळ मात्र फुलाप्रमाणे पाळावी लागते. भोपळा, काकडी, कारलं सकाळी लवकर उमलतात. दुधी, दोडकी आणि पडवळ दिवस मावळताना. सकाळी चहा घेऊन दोडकीकडे गेलात तर फूल मिटलेलं असतं.

कोवळ्या काकड्या-कारली वाकडी होऊन पिवळी पडत असतील, डिंकासारखा थेंब दिसत असेल, तर फळमाशी. अशी फळं परड्यात टाकून ठेवू नका, साबणाच्या पाण्यात बुडवा किंवा दोन फूट खोल पुरा. कामगंध सापळा, म्हणजे वासाने माशी ओढून घेणारा सापळा, आणताना दुकानात स्पष्ट सांगा: वेलभाज्यांसाठी ‘क्यू ल्यूर’. आंब्याच्या सापळ्यात ‘मिथाईल युजेनॉल’ असतं, काकडीवरची माशी त्याकडे फिरकत नाही. उरलेली फळं बोटाएवढी असतानाच जुन्या कापडी पिशवीत बांधली की काम झालं.

माकडं

जाळी, फटाके, कुत्रा, चमकत्या पट्ट्या, सगळं आठ-पंधरा दिवस चालतं, मग त्यांना सवय होते. ज्या वाडीत रोज टोळी येते तिथे पिकाची निवड बदलणं हाच व्यवहार. हळद, आलं, अळू, सुरण आणि तिखट मिरची यांना माकडं सहसा हात लावत नाहीत. काकडी, भेंडी, मका, केळी यांचा ती फडशा पाडतात. सुरण लावणार असाल तर मात्र रानडुकराचा विचार करा, आणि तो वाफा घराच्या भिंतीलगत घ्या.

बी राखणं

संकरित वाणाचं बी धरू नका, पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही. आठवडा बाजारात बसणाऱ्या बायकांकडून गावठी बी घ्या आणि पहिल्या वर्षापासून ठेवायला लागा. भेंडीची एक-दोन निरोगी फळं झाडावरच वाळू द्या, शेंग तडकायला लागली की काढा. पडवळ, दोडकी, काकडीची फळं वेलावर पूर्ण पिकवून मग बी धुऊन सावलीत वाळवा. वांग्याचं बी पिवळ्या पडलेल्या फळातून. सगळं कडकडीत वाळल्यावर राखेत घोळवून काचेच्या बरणीत भरा, वर नाव आणि महिना लिहा, आणि बरणी चुलीच्या खोलीत उंच फळीवर ठेवा. पावसाळ्यातली दमट हवा लागली की बी उगवत नाही. दसऱ्याला पेरायचं माठाचं बी तर गणपतीनंतर एकदा उन्हात घालून घ्यावंच.